खोकून हृदयविकाराचा झटका थांबत नाही

‘एकटे असताना छातीत दुखू लागले, तर बेशुद्ध होण्यापूर्वी तुमच्या हाती फक्त दहा सेकंद असतात, दीर्घ श्वास घेत दर दोन सेकंदांनी जोरात खोका’ हा संदेश व्हॉट्सॲपवर अनेक वर्षे फिरतो आहे; डावा हात, ईसीजी, शेजाऱ्याकडची गोळी आणि ॲस्पिरिन यांबद्दलचे सल्लेही त्यात आहेत. जिना चढताना छातीवर दडपण येते असे सांगणाऱ्या माझ्या ५२ वर्षांच्या मेहुण्यानेच तो परवा मला पाठवला आणि वर ‘आता काळजी नाही’ असेही लिहिले, म्हणून हा प्रतिवाद.

संदेशकर्त्याने दोन निराळ्या गोष्टींची गल्लत केली आहे. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बहुधा गुठळीने बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. पण हृदय चालू असते, रुग्ण सहसा शुद्धीवर असतो आणि फोन करण्याइतका वेळ त्याला बहुतेक वेळा मिळतो. काही सेकंदांत शुद्ध हरपते ती हृदय अचानक थांबल्यावर, म्हणजे कार्डिॲक अरेस्टमध्ये, आणि बेशुद्ध माणसाने खोकायचे कसे, हे संदेशात कुठेच नाही. खोकल्याने गुठळी विरघळत नाही. या दाव्यात अर्धे सत्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो: १९७६ साली क्रायली या अमेरिकन डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की अँजिओग्राफीच्या टेबलावर हृदयाची लय बिघडलेले काही रुग्ण सतत खोकून काही सेकंद शुद्धीवर राहिले. मात्र तिथे मॉनिटर लावलेला होता, डॉक्टर शेजारी उभे होते आणि विजेचा झटका देण्याचे यंत्र हाताशी होते. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने सामान्य लोकांना हा उपाय शिकवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. घरी खोकत बसलेला माणूस १०८ ला फोन करण्याची मोलाची मिनिटे घालवतो, आणि तेवढ्या वेळात मेलेला स्नायू परत मिळत नाही.

‘डावा हात दुखला तरच हृदय, नाहीतर गॅस’ हे विधानही चुकीचे आहे. दडपण छातीच्या मध्यभागी, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते आणि मधुमेह्यांमध्ये वेदना कधीकधी जाणवतही नाही.

‘ईसीजी नॉर्मल, म्हणजे निर्धास्त’ याबद्दल एवढेच की श्रमाने येणारे आणि थांबल्यावर जाणारे दडपण असताना विश्रांतीतला ईसीजी स्वच्छ येऊ शकतो, आणि झटक्याच्या सुरुवातीलाही तसे घडते. म्हणून रुग्णालयात ईसीजी पुन्हा काढतात आणि रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन, तपासतात.

शेजाऱ्याची सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या रुंदावणारी) गोळी जिभेखाली ठेवण्याचा सल्ला तर धोकादायक आहे, कारण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, विशेषतः ज्याने नुकतीच सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) घेतली आहे त्याचा. आणि पन्नाशीतला पुरुष ही गोष्ट शेजाऱ्याला सांगत नसतो.

ॲस्पिरिनचा उल्लेख मात्र बरोबर आहे. हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांवर झालेल्या १९८८ च्या आयसिस-२ या मोठ्या वैद्यकीय चाचणीत १७ हजारांहून अधिक रुग्णांमध्ये त्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. परंतु ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर, आणि आधी १०८ ला फोन करून, तिथल्या सल्ल्याने ती गोळी चावून खायची असते, हा क्रम संदेशात नाही.