खासदार निम्मे केले तर नुकसान कोणाचे?

‘543 खासदार हवेत कशाला? अमेरिकेचे 435 जणांत भागते; आपलेही निम्मे करा, हजारो कोटी वाचतील आणि कामेही झटपट होतील’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या माझ्या मामांनीही तो ‘शंभर टक्के पटले’ असा शेरा मारून घरच्या गटावर टाकला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

अमेरिकेची लोकसंख्या सुमारे 33 कोटी आहे, म्हणजे तिथे एका प्रतिनिधीमागे साधारण साडेसात लाख लोक येतात. सात कोटींहून कमी वस्तीच्या ब्रिटनमध्ये 650 सदस्य आहेत, हे मात्र त्या मजकुरात सोयीस्करपणे गाळले आहे.

सर्वांत घातक आहे ती निम्मे करण्याची सूचना. राज्यघटनेच्या 81व्या कलमानुसार राज्यांच्या जागा अजूनही 1971च्या जनगणनेवर बेतलेल्या आहेत. 1976मध्ये 42व्या दुरुस्तीने त्या गोठवल्या आणि पुढे 84व्या दुरुस्तीने ती मुदत 2026नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. 1971मध्ये एका खासदारामागे सुमारे दहा लाख लोक होते. 2011च्या जनगणनेनुसार ते बावीस लाखांवर गेले. जागा निम्म्या केल्या की हाच आकडा चव्वेचाळीस लाखांवर जाईल. गडचिरोली-चिमूर मतदारसंघ आजच गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. उत्तरेला आमगाव, तर दक्षिणेला तेलंगणाच्या सीमेवरचे सिरोंचा. त्याला शेजारचा आणखी एक मतदारसंघ जोडला, तर सिरोंच्याच्या माणसाने आपले गाऱ्हाणे घेऊन जायचे तरी कुठे?

पैशांचा हिशेबही फसवा आहे. खासदाराचे मूळ वेतन दरमहा 1 लाख 24 हजार रुपये आहे. निम्म्या जागांचे वर्षाचे वेतन जेमतेम चाळीस कोटी भरते. भत्ते धरून ते कितीही पट केले, तरी 50 लाख कोटींच्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची गणती होत नाही. ‘हजारो कोटी’ जमवण्यासाठी प्रत्येकाचा वार्षिक पाच कोटींचा स्थानिक विकास निधी खर्चात धरावा लागतो. पण तो खासदाराच्या खिशात जात नाही, त्यातून जिल्हा प्रशासनामार्फत रस्ते आणि शाळाखोल्या होतात.

संसदेत काम कमी होते, एवढी तक्रार मात्र मान्य करावी लागते. पहिल्या लोकसभेच्या 677 बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेच्या अवघ्या 274. पण त्यासाठी अधिवेशनांचे दिवस वाढवायला हवेत. खासदार कमी केल्याने एकही बैठक वाढणार नाही.