प्रांजळ व्हायचंय? आधी कपड्यांना स्टार्च मारा

प्रांजळ म्हणून नाव कमवायचं असेल तर पहिल्यांदा पांढरे कपडे शिवून घ्या. गंमत नाही. इंग्रजीतला 'कँडर', म्हणजे मनाचा मोकळेपणा, मूळचा लॅटिन; तिथं त्याचा अर्थ लखलखीत पांढरेपणा. जुन्या रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे अंगावरचा टोगा खडू फासून पांढराफेक करत, म्हणून ते 'कँडिडेटस'. आपला 'कँडिडेट' तिथलाच. मोकळेपणा आणि उमेदवार ही सख्खी भावंडं. हसू नका.

दुसरं, 'निखालस' हा शब्द हाताशी ठेवा. अरबी 'खालिस' म्हणजे शुद्ध, पण मराठीत खोटंसुद्धा निखालस असतं.

तिसरं, संस्कृतचा आधार घ्या. 'प्रांजल'मधला धातू 'अंज्': माखणे, आणि उघड करणेही. डोळ्यांतलं अंजन त्याचंच. उघड करणं जमत नसेल तर नुसतं माखा.

आमच्या गच्चीवर माखलं तसं. एप्रिलात एक कंत्राटदार आला. "काका, प्रांजळपणे सांगतो, पाच वर्षांत थेंब आला तर नाव बदलीन." 28 हजार रोख घेतले, पांढरं काहीतरी फासलं आणि गेला. जूनमध्ये रात्री दोन वाजता पंख्याच्या दांडीवरून पहिला थेंब माझ्या उशीवर. मग बादली, मग पातेलं, मग पिंप. फोन केला की "होतंय की काका." परत केला की "पोरं लावून देतो की." शेवटी काय म्हणाला? "पाऊस जरा उघडू दे." कोल्हापुरात! जुलैत! पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फुटांना आणि धोका पातळी 43 ला, मध्ये चार फूट तरी आहेत. आमच्या पिंपाला तेवढीही सवलत नाही.

चौथं, हात जोडा. संस्कृतात हात जोडलेला तो 'प्रांजलि'. एका वेलांटीचं तर अंतर.

आता आमच्या कोपऱ्यावर त्याच कंत्राटदाराचा फ्लेक्स लागलाय. पांढरा सदरा, जोडलेले हात, 'भावी नगरसेवक'.

अरे बाबा, नको तुझा प्रांजळपणा. 'काका, माल हलका वापरला, चुकलं' एवढं म्हण, चहा पाजतो. गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन बघ जरा. म्हैस समोर, धार समोर, पेला हातात. ती म्हैस काही 'प्रांजळपणे सांगते' म्हणत नाही.

आणि आपण तरी काय दिवे लावतो? 'आमच्यात आत एक बाहेर एक नसतंय' म्हणून गावभर मिशीला पीळ. परवा तो आमच्या बिल्डिंगीत मतं मागायला आला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे आम्ही चौघेही गळतीवाले तिथंच होतो. एकानं तोंड उघडलं नाही. शाल घातली. टाळ्या वाजवल्या. मीपण.

थांबा, पिंप भरलं वाटतं.