गोलरक्षकांची यादी वेगळी हवी

फॅन्टसी आइस हॉकीसाठी (खऱ्या खेळाडूंचा कल्पित संघ निवडून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ) तरुण खेळाडूंचा क्रम लावणारा तुमचा लेख वाचला. तरुण गोलरक्षकांनाही फॉरवर्ड म्हणजे आक्रमक खेळाडूंच्याच यादीत क्रमांक द्यावा, हे त्यातील मत मला पटले नाही. गोलरक्षक इगोर शेस्टर्किनची निवड २०१४च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) चौथ्या फेरीत झाली, एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील पहिला सामना तो जानेवारी २०२०मध्ये खेळला आणि २०२२मध्ये त्याने सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी पटकावली. म्हणजे ज्याने त्याला निवड होताच फॅन्टसी संघात घेतले असेल, त्याची एक राखीव जागा साडेपाच वर्षे एकही गुण न मिळवता अडून राहिली असणार.

आमच्या लीगमध्ये अशा जागा मोजक्याच आहेत. त्यामुळे तरुण गोलरक्षकाला संधी कधी मिळेल हे कळावे म्हणून त्याच्या एनएचएल संघातील मुख्य गोलरक्षकाचा करार कधी संपतो, हे मी तरुणाच्या ज्युनियर लीगमधील सेव्ह टक्केवारीच्याही (अडवलेल्या फटक्यांच्या प्रमाणाच्याही) आधी पाहतो. फॉरवर्डांचा क्रम मात्र, पॉवर प्लेला (प्रतिस्पर्धी खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाला) दिलेल्या महत्त्वासकट, चोख लावला आहे.