21 दिवसांच्या ताकाने आयबीएस जातो?

आयबीएस म्हणजे पोटात कळ, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठ असा पुन्हा पुन्हा होणारा आतड्याचा त्रास. त्यावर मेसेज असा फिरतोय: ‘आयबीएस म्हणजे पोटातले चांगले जंतू मेले. 21 दिवस अनशापोटी आंबट ताक प्या, त्रास मुळासकट जाईल. खात्रीसाठी संडासची मायक्रोबायोम (म्हणजे त्यातल्या जंतूंची) तपासणी करा.’

जंतू मेले, हे अर्धंच खरं. जंतूंचा संबंध आहेच. जुलाबाच्या संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस जडतो. कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये 2000 साली दूषित पाण्याने साथ आली, तिथे कित्येकांना हा त्रास वर्षानुवर्षं पुरला. पण आतड्याच्या नसा हळव्या होणं, अन्न सरकण्याची गती बिघडणं हेही त्यात येतं. जेवढा गॅस दुसऱ्याला जाणवतही नाही, तेवढ्याने इथे कळ येते.

ताकाचं म्हणाल, तर दह्यातले जंतू आतड्यात मुक्कामाला राहत नाहीत. पिणं थांबलं की काही दिवसांत निघून जातात. शिवाय ताकात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, उरतंच. ते पचत नसेल तर अनशापोटी ग्लासभर ताक म्हणजे दुपारपर्यंत पोटाचा नगारा. पचत असेल तर जेवणासोबत खुशाल प्या. प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंची गोळी किंवा पावडर) घ्यायचंच असेल तर एकच निवडा. 12 आठवड्यांत फरक नाही, तर बंद.

तपासणी? पैसे वाचवा. निरोगी पोटात कोणते जंतू किती, याचं ठरलेलं मापच नाही. रिपोर्टवरून उपचार ठरत नाहीत.

मेसेजमध्ये खाण्याबद्दल अवाक्षर नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. तर्री-पोह्यातले चणे बाजूला काढून नुसती तर्री घेणारे बरेच. पण कांदा-लसणातलं फ्रुक्टान, म्हणजे आपल्याला न पचणारं एक कर्बोदक, पाण्यात विरघळतं, म्हणजे ते रश्श्यात उतरलेलंच असतं. मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात, गॅस होतो. तेलात मात्र ते उतरत नाही: लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाका, मग त्या तेलात फोडणी द्या. चार ते सहा आठवडे कांदा, लसूण, चणे, गव्हाची पोळी बंद; ज्वारीची भाकरी, भात चालतो. मग एकेक पदार्थ तीन दिवस, रोज थोडा वाढवत खाऊन बघा. कायमचं बंद करू नका, त्याने बिफिडोबॅक्टेरिया हे पोटातले चांगले जंतू घटतात. हे आहारतज्ज्ञाला विचारूनच केलेलं बरं.

संडासात रक्त, घटतं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल, तर ताक-पथ्य राहू द्या, आधी पोटाच्या डॉक्टरकडे जा.