आर्जिनिनची पुडी आणि गुठळीची भीती : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

मागच्या लेखावर तुम्ही रागाने लिहिलंत: आर्जिनिन हे डाळी-शेंगदाण्यातलंच अमिनो आम्ल, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं, ते गुठळी होऊ देत नाही. गरोदर बायकांना डॉक्टरच त्याच्या पुड्या देतात. सासूबाईंना हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसवलाय, त्यात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं त्या रात्रंदिवस करतात, आणि अशा ताणाने रक्तात गुठळी व्हायची भीती वाढते. मग त्यांना ते सुरू केलं, तर मी उगाच का घाबरवते?

ताणाबद्दलचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ताणात ॲड्रेनलिन वाढलं की प्लेटलेट्स (गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या पेशी) एकमेकींना चिकटू लागतात, फायब्रिनोजेन आणि फॅक्टर ८ ही रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्यांच्या रक्तात डी-डायमर (गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे) जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. नायट्रिक ऑक्साइडचंही खरंच; त्यावरच्या संशोधनाला १९९८ चं नोबेल मिळालं.

पण नेमकं सासूबाईंसारख्या रुग्णांवर हे तपासून झालंय. अमेरिकेत, पहिला हार्ट अटॅक नुकताच येऊन गेलेल्या १५३ जणांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज तीन वेळा ३ ग्रॅम आर्जिनिन दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. निकाल २००६ मध्ये आला. धमन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, हृदयाची ताकद वाढली नाही. आर्जिनिन घेणाऱ्यांतले सहा जण दगावले, दुसऱ्या गटातलं कुणीही नाही. नवे रुग्ण घेणं तिथेच थांबवलं. सहा हा आकडा लहान आहे, त्यावरून आर्जिनिनने जीव जातो असं मी म्हणणार नाही. पण फायदा शून्य आणि शंका एवढी, तर मी माझ्या आईला ते देणार नाही.

असं का व्हावं? आर्जिनिन रक्तात बहुधा पुरेसं असतंच. वय आणि आजाराने बिघडलेल्या धमनीत त्याचं नायट्रिक ऑक्साइड करणारं एन्झाइमच नीट चालत नाही. कच्चा माल ओतत राहिलं तर उलट घातक ऑक्सिजन-रेणू तयार होऊ शकतात.

गरोदरपणातल्या पुडीचं कारण वेगळं: बाळाची वाढ कमी पडतेय, त्याला रक्तपुरवठा वाढावा म्हणून. ती बाई बहुधा तरुण असते आणि तिच्या तपासण्या चालू असतात.

डाळ, शेंगदाण्याची चटणी सासूबाईंना खुशाल खाऊ द्या. पुडी मात्र आजच थांबवा आणि तिचं पाकीट पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांसमोर ठेवा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. स्टेंटमध्ये गुठळी न होऊ देण्याचं काम त्या गोळ्या करताहेत.