टिक फिव्हरच्या टेस्टवरून एक स्टार, त्याला आमचं उत्तर

ताई, रिव्ह्यू काल रात्री वाचला. कुत्र्याच्या टिक फिव्हरच्या, म्हणजे गोचिडीमुळे येणाऱ्या तापाच्या, टेस्टला दोनदा पैसे घेतले, पहिल्यांदा निगेटिव्ह आणि चार दिवसांनी म्हणे बेबेसिया (लाल पेशींत राहणारा परजीवी), मग पहिली टेस्ट कशाला केली, असं तुम्ही लिहिलंय. राग समजतो, ब्रुनो जेवत नव्हता म्हणजे तुमच्याही घशाखाली घास उतरला नसणार.

पहिल्या दिवशी केली ती पट्टीवाली रॅपिड टेस्ट, आमच्याकडचं किट एर्लिकिया आणि अॅनाप्लाझ्मा या गोचिडीतून येणाऱ्या दुसऱ्या जंतूंविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडी बघतं, बेबेसिया त्यात येतच नाही. त्याच दिवशी पायाच्या शिरेतलं रक्त घेऊन काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली स्लाइडपण बघितली, काही दिसलं नाही. पण स्लाइडमध्ये दिसलं तर आहे, नाही दिसलं म्हणजे नाहीच असं नसतं, रक्तात परजीवी कमी असले की सहज निसटतात. चौथ्या दिवशी हिरड्या पांढुरक्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी, म्हणून कानाच्या टोकाला सुई टोचून तिथला थेंब घेतला, केशवाहिन्यांतल्या रक्तात बेबेसिया सापडायची शक्यता जास्त. बराच वेळ स्लाइड सरकवल्यावर दोन लाल पेशींत बारीक अंगठ्या दिसल्या, खडा बसवल्यासारखा एका बाजूला ठिपका.

चूक आमची झाली ती वेगळीच. फोनवर आमच्या क्लिनिकमधल्या मुलीने तुम्हाला नुसतं 'निगेटिव्ह आहे' सांगितलं आणि ठेवला. लघवीचा रंग बघत राहा, ताप चढला तर लगेच आणा, हे सांगायला हवं होतं. त्याबद्दल सॉरी, दुसऱ्या स्लाइडचे पैसे परत घेऊन जा.

बाकी दुसरीकडे एका इंजेक्शनात बरं करतात म्हणता, तर बेबेसियाच्या आकाराने मोठ्या जातीला ते चालतं, पण ब्रुनोच्या रक्तात बेबेसियाची छोटी जात आहे, गिब्सोनी, तिला ते इंजेक्शन सहसा पुरत नाही. म्हणून अटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन ही दोन औषधं 10 दिवस, महाग आहे माहीत आहे, पण मध्येच सोडू नका प्लीज. संपल्यावर 60 आणि 90 दिवसांनी पीसीआर (रक्तात परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट) करू, तो बाहेरच्या लॅबला जातो, खर्च आधी सांगेन.

आणि घरी चिऱ्याच्या भिंतीच्या फटी बघा, गोचीड कुत्र्यावर कमी आणि फटीतच जास्त असतात. सोमवारी सकाळी आणा त्याला, हिरड्या मीच बघतो.