देवाला कौल लावताना प्रश्न कुणाचा असतो?

आमच्या मालवण तालुक्यात अख्खा गाव रिकामा करायचा की नाही, हे देवाला विचारून ठरतं. आचऱ्याची गावपळण बऱ्याच जणांना ठाऊक असेल. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराला कौल लावतात, म्हणजे देवाचा होकार की नकार ते विचारतात. कौल झाला की सगळ्या जातिधर्माची माणसं गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडतात. तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांमध्ये मुक्काम. परत घरी यायचं तेसुद्धा देवाला विचारूनच. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचंही तसंच. पंचांगात तिला ठरलेली तिथी नाही. देवीला विचारून तारीख ठरते आणि ती जाहीर झाली की मुंबईतले चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांमागे धावत सुटतात.

मला हे सगळं मनापासून आवडतं. मी श्रद्धाळू आहे, आमच्या डोंबिवलीच्या घरात रोज देवापुढे दिवा लागतो, आणि हे मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढचं वाचून कुणी मला लगेच नास्तिकांच्या रांगेत बसवू नये. गावाने मिळून करायच्या गोष्टीत कौलाचा मोठा गुण आहे. भावकीतले हेवेदावे, मानकऱ्यांचे मानपान, या वाडीचं ऐकायचं की त्या वाडीचं, हे सगळं देवासमोर गप्प होतं. ज्याच्या मनाविरुद्ध गेलं त्यालाही मान खाली घालावी लागत नाही.

माझा विरोध आहे तो एका माणसाच्या आयुष्याचा निर्णय असा कौलावर टाकण्याला. कुणाचं शिक्षण, कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन.

ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गुरव मूर्तीला पाणी लावून तांदळाचे दाणे किंवा फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. काही देवळांत कळे लावतात, गोव्यात त्याला प्रसाद लावणं म्हणतात. कपाळ, खांदे, छाती, अशा जागा ठरलेल्या असतात. मग गाऱ्हाणं घालायचं. ‘बा देवा महाराजा’ म्हणून सुरुवात होते आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणतात. मग शांतता. निरांजनाच्या उजेडात सगळ्यांचे डोळे त्या पाकळ्यांवर. उजवी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. ओली पाकळी घसरायला लागते तेव्हा छातीत जे होतं ते मी अनुभवलंय आणि त्याला कुणी थोतांड म्हणालं तर मला राग येतो.

पण नीट बघा. देवाने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. प्रश्न माणूस तयार करतो. काय विचारायचं, कधी विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं आणि एकदा डावं आलं तर पुन्हा विचारायचं की तिथेच थांबायचं, हे सगळं माणसाच्या हातात. तेही बहुतेक घरातल्या कर्त्या पुरुषाच्या.

माझी एक मामेबहीण. बारावीला चांगले मार्क पडले, कोल्हापूरला नर्सिंगला नंबर लागला. मामा म्हणाला, ‘देवाक इचारूया.’ गाऱ्हाण्यात प्रश्न काय होता? लेक परगावी पाठवली तर घराण्याचं बरं होईल ना? हिला शिकायचं आहे, हे त्या गाऱ्हाण्यात कुठेच नव्हतं. ती स्वतः देवळातही नव्हती. पाळी होती म्हणून घरी होती. पाकळी डावीकडची सुटली. मामा घरी आला आणि ‘देवान डावो दिल्यान’ एवढंच बोलला. विषय संपला. पुढे दोन वर्षांत तिचं लग्न झालं.

तिचा संसार वाईट झाला असं मी म्हणत नाही. नवरा चांगला आहे, पोरं गुणी आहेत. पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला स्पष्ट दिसतं. मामाकडे फीचे पैसे नव्हते आणि तरण्या मुलीला एकटीला शहरात ठेवायची त्याला भीती वाटत होती. दोन्ही कारणं खरी होती, समजण्यासारखी होती. ती तोंडावर सांगितली असती तर ती बोलली असती, भांडली असती, शिष्यवृत्तीचं काही बघूया म्हणाली असती, मुंबईच्या काकाला फोन लावला असता. बापाशी वाद घालता येतो. रुसून दोन दिवस जेवण टाकता येतं. देवाने नाही म्हटल्यावर मुलीने कुणाशी भांडायचं?

लोक म्हणतात, अगं, हीच तर शरणागती, स्वतःची इच्छा देवाच्या पायाशी ठेवायची. ठेवा ना! पण स्वतःची ठेवा. तुकोबांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, कर्जखतं इंद्रायणीत बुडवल्याची. त्यातला एक तपशील सांगताना बऱ्याचदा सुटतो. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, मला माझा संसार चालवायचाय. तेव्हा तुकोबांनी खतांची वाटणी केली, निम्मी भावाला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. विठ्ठलावर सगळा भार टाकलेला माणूस, पण भावाच्या पोटाचा निर्णय त्याने विठ्ठलाच्या नावावर घेतला नाही. मला ती कथा याच एका कारणासाठी फार मोठी वाटते.

आणि गीता. शरणागती म्हटलं की सगळे अठराव्या अध्यायातला ६६वा श्लोक पुढे करतात: सगळे धर्म सोडून मला एकट्याला शरण ये. खरं आहे, श्रीकृष्ण तसं म्हणतो. पण त्याच्या तीनच श्लोक आधी, ६३व्यात, तो काय म्हणतो? ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु.’ मी सांगितलेल्या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं कर. समोर साक्षात भगवंत, विश्वरूप दाखवून झालेलं, तो हुकूम सोडू शकला असता. तरी तो अर्जुनाला विचार करायला सांगतो, इच्छा त्याच्यावर सोडतो. ‘तू सांगतोस तसं करीन’ हे ७३व्या श्लोकात अर्जुन स्वतःच्या तोंडाने म्हणतो, मोह गेला, शंका फिटल्या असं सांगून म्हणतो. त्याच्या वतीने धर्मराजाने किंवा भीमाने शरणागती पत्करलेली नाही. एवढी मोकळीक देवाने अर्जुनाला दिली, ती आपण घरातल्या लेकीसुनांना देत नाही आणि वर देवाचंच नाव घेतो.

आपल्या राज्यातला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा गाऱ्हाण्याला किंवा नवसाला हात लावत नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करत बसणं, हा त्यात गुन्हा आहे. माझ्या मते त्यातला ‘रोखून’ महत्त्वाचा. तुमची श्रद्धा दुसऱ्याची वाट अडवायला लागली की तिथे ती संपली.

मग देवावर काहीच सोडायचं नाही का? सोडायचं. खूप सोडायचं. माझ्या आत्येला पोटात गाठ निघाली तेव्हा घरात दोन तट पडले. एक जण म्हणे कौल घ्या, दुसरा म्हणे आयुर्वेद बघा. आत्या सत्तरीची, चौथी शिकलेली. तिने डॉक्टरांना स्वतः विचारलं, काढली नाही तर काय होईल, काढली तर काय होईल, अंथरुणात किती दिवस. उत्तरं ऐकून म्हणाली, काढा. आणि मग रवळनाथाला नारळ ठेवायला सांगितला. त्या गाऱ्हाण्यात करू की नको हा प्रश्नच नव्हता. मी हे करायला निघालेय, तू पाठीशी राहा, एवढं मागणं होतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात आम्ही सगळे जागे, आत्या गाढ झोपलेली. भूल उतरेल की नाही, गाठ कसली निघेल, यातलं तिच्या हातात काही नव्हतं आणि जे हातात नव्हतं ते तिने खरोखरच देवाकडे दिलं होतं. मी जिला शरणागती म्हणते ती ही.

कुणी म्हणेल, तिचा तो निर्णयसुद्धा देवानेच तिच्या मनात घातला. असेलही. त्यावर मी वाद घालणार नाही. पण मग देव माणसाच्या मनातून बोलतो हे मान्य करा, आणि मामेबहिणीच्या मनात शिकायची जी ओढ होती ती कुणी घातली होती, याचंही उत्तर द्या.

गावच्या मंडळींना माझी विनंती आहे, आणि पुढच्या महिन्यात गावी गेले की देवस्थानच्या बैठकीतही मी हे बोलणार आहे. गावाचे कौल चालू राहू देत. पण एखाद्या माणसाच्या आयुष्याचा प्रश्न लावायचा असेल, तर ते माणूस समोर उभं असल्याशिवाय गाऱ्हाणं घालू नका. प्रश्न काय विचारायचा ते त्याने सांगायचं, बापाने किंवा भावाने नाही. मुलगी पाळीमुळे येऊ शकत नसेल तर चार दिवस थांबा. आणि तिला देवाला विचारायचंच नसेल, तर तिच्या वतीने कुणी विचारायचं नाही.